शांत गावाचा आकडा

कोर्टात बचावपक्षाच्या वकिलांनी मला मुद्द्याचा असा एकच प्रश्न विचारला.

"चौदा मार्चला सकाळी साडेसात ते आठ या वेळात तुमच्या यजमानांचा आकडा किती होता?"

"अकरा," मी म्हणाले.

"अकरा म्हणजे काय, ते जरा कोर्टाला समजावून सांगा."

"शंभरपैकी अकरा. पूजेला बसलेल्या माणसाचा साधारण तेवढा असतो."

"आणि बाकीच्या सहा आरोपींचा?"

"नऊ ते तेरा."

वकील समाधानानं खाली बसले. त्याच अर्ध्या तासात आमच्या बंधाऱ्यावर माझा भाऊ किरण डोकं फुटून मेला होता. आकडे मात्र खरे होते. ते माझ्याच यंत्रानं टिपले होते आणि मीच सही करून वर पाठवले होते.

मी स्वप्नाली. माहेर दहिवट, सासर मोरसांगवी. दोन्हींच्या मध्ये येळीचा ओढा. माझ्या माहेरी कुकर लावला तर त्याच्या शिट्ट्या सासरी मोजता येतात, इतकं जवळ. सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी टोकाला ही दोन गावं आहेत आणि पाच वर्षांपूर्वीपर्यंत ती एकाच गोष्टीसाठी पेपरात यायची. ती म्हणजे शिव्या.

बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या, दुसऱ्या दिवशी दोन्ही गावच्या बायका ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहायच्या आणि हलगी वाजायला लागली की एकमेकींना शिव्या घालायच्या. अगदी मनापासून, गळा बसेपर्यंत. याला आम्ही फड म्हणायचो. पुरुषांचं काम एवढंच, की कुणी बाई तावातावानं पाण्यात उतरायला लागली तर तिला मागं ओढायचं. त्यांनी तोंड उघडायचं नाही. बाहेरून बघायला येणाऱ्यांना हा नुसता धिंगाणा वाटायचा, पण फडाला नियम होते. शिवी नाव घेऊन द्यायची आणि शिवीत कारण सांगायचं. नुसतं 'सटवे' म्हणून भागायचं नाही. 'आमचा बांध कोरणाऱ्याची बायको तू, सटवे,' असं म्हणायचं. मग समोरचीनं तिथल्या तिथं उत्तर द्यायचं. हलगी थांबली की सगळ्या ओढ्यात उतरून एकमेकींना हळदीकुंकू लावायच्या. फडात निघालेला विषय मग पुन्हा काढायचा नाही.

लग्नानंतर पहिल्याच वर्षी माझा काठ बदलला. समोर माझी आई, लक्ष्मीबाई. पदर खोचून म्हणाली, "अगं ए काळतोंडे, सासरी जाऊन चार म्हैनं झालं, आईला फोन कराया तुझी बोटं झडली व्हय?" मीही सोडलं नाही. "रुखवतात खवट चिवडा दिलास म्हातारे! सासू अजून ऐकवती मला!" दोन्ही काठांवर हशा पिकला. नंतर आईनं मला कुंकू लावलं, आणि दुसऱ्याच दिवशी किरण सायकलवरून ताज्या चिवड्याचा डबा घेऊन आला. तेव्हा तो अकरावीत होता.

२०३७ च्या फडाला पुण्याहून डॉ. हेमांगी केळशीकर आल्या. बारीक चणीच्या, गोड बोलणाऱ्या बाई. आल्या आल्या त्यांनी दोन्ही गावच्या साठ बायकांच्या मनगटावर करड्या रंगाचे पट्टे बांधले. मी बारावी सायन्स झालेली आणि दोन्ही काठांवर ओळखीची, म्हणून मदतीला मला घेतलं.

त्या संध्याकाळी आमच्या ओसरीवर चहा पिताना त्यांनी मला यंत्र समजावलं. पट्टा घाम, नाडी, कातडीची ऊब आणि आवाजातली थरथर टिपतो. राग आला की शरीर भांडणाची तयारी करतं. नाडी पळते, तळवे ओलावतात, घामात काही रसायनं उतरतात. या सगळ्याचा मिळून एक आकडा निघतो, शून्य ते शंभर.

"शंभर म्हणजे किती राग?" मी विचारलं.

"तेच तर ठरवायचं होतं. प्रयोगशाळेत माणसं खरी चिडत नाहीत हो. म्हणून तुमचा फड निवडला. आजचा सगळ्यात वरचा आकडा म्हणजे शंभर."

तो आकडा माझ्या आईचा होता. मला तेव्हा केवढा अभिमान वाटला!

"मॅडम, माणूस मुळात भांडखोरच असतो ना?"

त्या हसल्या. "लोकांना तसं वाटतं. पण बघा, लग्नाच्या पंगतीत अनोळखी तीनशे माणसं भुकेनं व्याकूळ होऊन ताटकळत बसतात आणि कुणी कुणाला चावत नाही. तीनशे चिंपांझी असे बसवले तर वाढप्यासकट निम्मे रक्तबंबाळ होतील. पटकन चिडून अंगावर जाणं, यात माणूस फार मवाळ प्राणी आहे. हजारो वर्षांत त्यानं स्वतःला माणसाळवलंय."

"मग लढाया कोण करतं?"

त्यांनी कप खाली ठेवला. आमची मांजर पायरीवर बसली होती, तिच्याकडं बोट केलं. "ही कुत्र्यावर फिसकारते तेव्हा कशी दिसते? केस उभे, पाठीची कमान. आणि उंदरावर टपून बसते तेव्हा?"

"गप असते एकदम."

"दोन्ही हिंसाच. पण मेंदूतल्या वाटा वेगळ्या. पहिली गरम, दुसरी थंड. दुसरीत माणसाचा हात कुणी धरणार नाही. चार जण बसून ठरवतात, वेळ नेमतात, आपला एकही माणूस जाणार नाही याची खात्री करतात आणि मग निघतात. तेव्हा नाडीसुद्धा फारशी हलत नाही."

"मग ती पट्ट्यात कशी दिसणार?"

"नाही दिसणार," त्या सहज म्हणाल्या. "सध्या गरमच मोजता येतं. कुठून तरी सुरुवात करायला हवी ना."

हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी ऐकलं आणि कपबशा उचलून आत गेले.

पुढच्या वर्षी सरकारची शांतग्राम योजना आली. ज्या गावाचा आकडा सलग तीन वर्षं तिसाच्या खाली राहील, त्याला धरणातून थेट बंद पाईपचं पाणी. दोन्ही गावांनी ठराव केले, सगळ्या मोठ्या माणसांच्या मनगटांवर पट्टे चढले आणि दोन्हीकडचे आकडे हातातल्या यंत्रावर बघून वर पाठवणारी शांतिसेविका म्हणून माझी नेमणूक झाली. अडचण फडाचीच होती. त्या एका दिवसानं सगळं मुसळ केरात जाणार होतं. शिवाय पंचक्रोशीतल्या शिकल्यासवरल्या लोकांना तो लाजिरवाणा वाटतच होता. दोन्ही ग्रामसभांनी एकमतानं फड बंद केला. मोरसांगवीच्या सभेत ठराव मीच वाचला.

आई तणतणत घरी आली. "फड मोडू नगा गं. वरीसभर माणसानं कुठं वकायचं?"

"आई, राग वाईटच असतो. यंत्रात दिसतो तो."

"आन यंत्रात दिसत न्हाय त्यो?"

मी तिला चहा दिला. म्हातारी माणसं असंच बोलायची, असं मला वाटलं. मीच मूर्ख, दुसरं काय म्हणणार!

पहिल्या वर्षी आकडा अठ्ठावीसवर आला, दुसऱ्या वर्षी बावीसवर. बाहेरगावचे लोक आम्हाला बघायला येऊ लागले. बायका ओढ्यावर भेटल्या की 'बरं आहे ना' म्हणायच्या आणि पुढं जायच्या.

तिसऱ्या वर्षी डिसेंबरात बंधाऱ्याचं पाणी उतरायला लागलं. ओढ्यावर दोन्ही गावांचा मिळून एक बंधारा आहे. खांबांच्या मधल्या खाचांत लोखंडी फळ्या बसवून पाणी अडवतात. त्या फळ्यांना बर्गे म्हणतात. बर्गे काढायचं-घालायचं काम त्या वर्षी दहिवटकडं होतं, म्हणजे किरणकडं. जानेवारीअखेर पाणी कमरेवर आलं, फेब्रुवारीत घोट्यावर. आमच्या काठावरच्या मोटारी हवा ओढू लागल्या. आमचे हे, म्हणजे प्रमोद, यांनी अकरा वर्षं जपलेली डाळिंबाची बाग उभी वाळली. ऐन फुलोऱ्यात. यांनी एकेका झाडाला हात लावून पाहिलं आणि घरी येऊन काही न बोलता जेवायला बसले.

मोरसांगवीत कुजबुज सुरू झाली, की किरण बर्गे सैल करून खालच्या कारखान्याला पाणी सोडतो. माझ्यासमोर कुणी बोलायचं नाही. मी आले की विषय बदलायचा. मी यांना विचारलं तर म्हणाले, "सोड गं. तुझा भाऊ आहे तो. मी कशाला काही म्हणू?"

खरी गोष्ट मला मागून कळली. बर्ग्यांमधली रबरी पट्टी कुजली होती. पाणी तिथून झिरपत होतं. किरणनं पाटबंधारे खात्याला तीन अर्ज दिले होते. दहिवटमध्ये पोरासोरांनासुद्धा हे ठाऊक होतं. आम्हाला सांगायला मात्र कुणी आलं नाही, कारण आम्ही विचारलंच नाही. फड असता तर आमची एखादी ओरडली असती, "पाणी विकणाऱ्याची आई तू, लक्ष्मे!" आणि माझी आई काठावरून गरजली असती, "रबार कुजलंय मुडद्यांनो, डोळं फुटलं का, या आन बघा!" आणि सगळे बघायला गेले असते. एवढंच व्हायला हवं होतं. एवढ्यावर माझा भाऊ वाचला असता.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात मोरसांगवीचा आकडा एकदम चौदावर आला. मी पडद्यावर बघतच राहिले. सगळ्यात जास्त उतरले होते ते सात जण, ज्यांच्या बागा वाळल्या होत्या. जानेवारीत त्यांचे आकडे चाळिशीत होते, आता सगळे दहाच्या आसपास. मी आनंदानं डॉ. केळशीकरांना फोन केला.

"बघा," त्या म्हणाल्या, "माणसं संकट पचवायला शिकतात. हे मला परिषदेत मांडायलाच हवं."

घरातही तसंच होतं. हे आमच्या लेकीला, आर्याला, मांडीवर घेऊन पाढे म्हणून घ्यायचे. भाजीत मीठ जास्त पडलं तरी हूं की चूं नाही. बारा वर्षांच्या संसारात हे माझ्याशी इतकं मऊ कधी वागले नव्हते.

तेरा तारखेला दुपारी जेवताना म्हणाले, "किरणला एक फोन कर की. म्हणावं, उद्या सकाळी बंधाऱ्यावर ये. समोरासमोर बसून मिटवून टाकू. मी केला तर तो यायचा नाही, त्याला वाटेल भांडायला बोलावतोय."

मी यांच्याकडं बघितलं. खरं सांगते, क्षणभर तो चेहरा मला ओळखीचा वाटला नाही. मग मी काय केलं? चेहरा वाचायचं सोडून पिशवीतलं यंत्र काढलं आणि यांचा आकडा बघितला. दहा.

मी किरणला फोन लावला.

"दाजी चिडलेत का गं?" त्यानं विचारलं.

"अजिबात नाही. मी आकडा बघूनच तुला फोन करतीय."

"मग येतो. मलाबी ती पट्टी दाखवायचीच हाय सगळ्यांना. साडेसातला येतो."

"कसली पट्टी?"

"ये की तूबी. बघशील."

मी गेले नाही. सकाळी आर्याची शाळा होती. आठ वाजता हे घरी आले, हातपाय धुतले, चहा मागितला आणि अर्धा कप पिऊन म्हणाले, "किरण पाय घसरून पडला बंधाऱ्यावरून. बर्गा डोक्यात बसला. तू जा." आवाज नेहमीचाच होता. मी पळत गेले. भाऊ खालच्या खडकावर पालथा पडला होता. डोक्यावर तीन ठिकाणी घाव होते. घसरून पडणारा माणूस तीनदा पडत नाही. त्याच्या उजव्या मुठीत कुजलेल्या रबराचा हातभर तुकडा होता.

त्या आठवड्यातही गावाचा आकडा चौदाच राहिला.

डॉ. केळशीकरांना मी फोनवर एकच विचारलं. "तुम्ही मला मांजर दाखवली होती. मग यंत्रावर का नाही लिहिलं, की हे फक्त फिसकारणं मोजतं?"

त्या म्हणाल्या, "अहवालात लिहिलं होतं, स्वप्नाली. पान ब्याऐंशी. योजनेच्या माहितीपत्रकात ते आलं नाही आणि मी... मी भांडले नाही."

आता सांगून काय उपयोग होता? कोर्टात त्यांनी तसं सांगितलंसुद्धा. पण आरोपींच्या वकिलांकडं सरकारचंच माहितीपत्रक होतं. मी फोनचं सांगितलं, घावांचं सांगितलं, रबराचं सांगितलं. वकील म्हणाले, मेव्हण्याला समेटासाठी बोलावणारा, पूजेतल्यासारखा शांत असलेला माणूस खून कसा करेल? पाहणारं कुणी नव्हतं. चौदा महिन्यांनी सातही जण संशयाचा फायदा मिळून सुटले. दोन्ही गावांना पाईपचं पाणी आलं, नारळ फुटला, दोन्ही सरपंचांनी एकमेकांना हार घातले. दहिवटच्या लोकांनी निकाल ऐकला तेव्हा कुणी ब्र काढला नाही.

मी आर्याला घेऊन अंगणवाडीशेजारच्या खोलीत राहते. तिचा बाप तिला रोज शाळेतून आणतो. कोर्टानंच तशी मुभा दिलीय.

निकालानंतर महिन्याभरानं बेंदूर आला. दुसऱ्या दिवशी सकाळी, का कुणास ठाऊक, मी ओढ्यावर गेले. गळ्यात यंत्राची पिशवी होती, सवयीनं; पाणी आलं तरी पट्टे कुणी काढले नव्हते. समोरच्या काठावर आई उभी होती. वर्षात पहिल्यांदाच ती मला दिसली. तिच्या मागं, बाभळीखाली, दहिवटचे नऊ जण बसले होते. किरणचे मित्र, चुलतभाऊ. माझ्या लग्नात माझ्यामागं उभे राहिलेले.

"आई," मी म्हणाले, "शिव्या दे मला. मीच बोलावलं त्याला. दे की गं."

आईनं माझ्याकडं मायेनं बघितलं. खरंच मायेनं.

"ऱ्हाऊ दे लेकी. तुझा काय दोष? जेवतीस ना येळंवर?"

"आई..."

"आन जावई कुठं आस्त्यात हल्ली? सांजच्याला आर्याला आणाया एकलंच जात्यात, का संगं कोण आसतं?"

किती साधा प्रश्न. सासूनं जावयाची करावी तशी चौकशी. मी पिशवीत हात घालून यंत्र चालू केलं. आई: आठ. मागचे नऊ जण: नऊ, दहा, नऊ, अकरा, सगळे बाराच्या आत.

मला उत्तर द्यायचं होतं, हे लपवत नाही. पाच वाजता, एकटेच, आंब्याच्या वळणानं. जिभेवर आलं होतं. यांनी माझ्या हातून माझा भाऊ नेला. यांचं काय व्हायचं ते होऊ दे, असं मला अगदी शांतपणे वाटलं. मग यंत्रावर माझ्याच पट्ट्याचा आकडा दिसला. तेरा. आणि त्या वळणावर बापाचं बोट धरून आर्या चालत असणार होती.

मी पदर खोचला.

"अगं ए काळतोंडे लक्ष्मे!" मी ओरडले. आवाज फाटला. "पोरगं मेलं तरी तुझ्या डोळ्यातनं टिपूस न्हाय, दगड म्हून जल्माला घातलं का आईनं तुला? रबार कुजलंय हे माझ्या दारात येऊन बोंबलली आसतीस तर जगला आसता त्यो! तोंड शिवलं व्हतं का तुझं? पाईपच्या पाण्यासाठी गप बसलीस, भवाने, पोटचं पोरगं पाण्याला इकलंस!"

यंत्रावर आठाचे चौदा झाले. मग एकतीस. आईचा चेहरा हलला. मी थांबले नाही. बापाचं काढलं, चिवड्याचं काढलं, किरणच्या लहानपणच्या तापाचं काढलं. सत्तर झाले आणि आईनं चप्पल उचलून माझ्या अंगावर फेकली. ती ओढ्यात पडली.

"मुडदा बशिवला तुझा!" ती किंचाळली. "तू बलीवलंस त्याला! तू! भावाला खाल्लंस, सटवे, आता मला खा!" ती मटकन खाली बसली आणि ऊर बडवून रडायला लागली. पंधरा महिन्यांनी पहिल्यांदा. तिचा आकडा शहाण्णव होता. आता ती कुणाला मारू शकणार नाही, हे मला पक्कं कळलं.

ती काठावर आडवी पडून रडत होती आणि बाभळीखालून कुणी तिला धरायला उठलं नाही. ते नऊ जण माझ्याकडं बघत होते, शांतपणे, पिसाळलेल्या बाईकडं बघावं तसे. मी यंत्राकडं बघितलं. नऊ. दहा. नऊ. अकरा. एकाचाही हलला नव्हता. त्यातल्या एकानं उठून कपडे झटकले आणि मनगटावर किती वाजले ते पाहिलं.

पाच वाजायला अजून सात तास होते. माझ्या घशात रक्ताची चव यायला लागली होती. मी ओढ्यात उतरले, पाणी गुडघ्यापर्यंत आलं, आणि फडात घेतात तसं त्यांच्यातल्या पहिल्याचं नाव घेतलं.